नातीच्या नावाची पुस्तकं

शामलाबाई भोयर आयुष्यात कोणाला घाबरल्या नाहीत. शिक्षणाधिकाऱ्याला नाही, कुहीच्या शाळेत दारू पिऊन भांडायला आलेल्या पालकाला नाही, आणि सासूला तर मुळीच नाही. त्या घाबरायच्या फक्त हसण्याला. म्हणजे, लोकांनी त्यांना हसण्याला. दुसऱ्यांना हसायला त्यांची काही हरकत नव्हती. उलट त्या कामात त्यांचा हात धरणारं नागपूरच्या मनीषनगरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या जिजाबाई साठी उलटल्यावर पोहायला शिकायला निघाल्या, तेव्हा खालच्या बाकावर बसून शामलाबाईंनी अगदी काळजीच्या सुरात विचारलं होतं, "काहून वं जिजाबाई, तू उतरल्यावर तलावात पाणी राहते का थोडंफार?" बाया पोट धरधरून हसल्या. जिजाबाईही हसल्या. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी पोहायला जाणं बंद केलं आणि गुडघ्याचं कारण सांगितलं. शामलाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. विनोद चांगला झाला होता.

तर अशा बाईला चौसष्टाव्या वर्षी बेस गिटार शिकावीशी वाटली.

झालं असं की, सुनेच्या, म्हणजे मेघाच्या, मावसबहिणीच्या लग्नाचं रिसेप्शन वर्धा रोडवरच्या एका लॉनवर होतं. सगळे पाहुणे जेवणाच्या काउंटरवर तुटून पडलेले. शामलाबाईंना बसायला जागा मिळाली ती ऑर्केस्ट्राच्या भल्यामोठ्या स्पीकरशेजारी. त्या चिडूनच बसल्या. आणि मग खुर्चीच्या पाठीतून काहीतरी त्यांच्या छातीत शिरायला लागलं. गाणाऱ्या बाईचा आवाज नव्हता तो, ढोलकही नव्हता. मागे एक पोरगा चार जाड तारांचं वाद्य घेऊन उभा होता, बोटं हलवत होता न हलवत होता, त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं. त्याने हात थांबवला की सगळं गाणं पोकळ व्हायचं. त्याने पुन्हा सुरू केलं की शामलाबाईंच्या फासळ्या भरून यायच्या. जेवायला बोलवायला आलेल्या नातीला, भूमिकाला, त्यांनी विचारलं, त्या मागच्याच्या हातात काय आहे. ती म्हणाली, बेस गिटार, आजी, चल लवकर, पनीर संपून राहिलं.

यात समजून घेण्यासारखी गोष्ट अशी की शामलाबाई जन्माच्या बेसूर. लहानपणी शाळेतल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, समूहगीताला तू नुसते ओठ हलवायचे. पुढे त्या स्वतः बाई झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या, आणि दर पंधरा ऑगस्टला माइकसमोरच्या ओळीत उभ्या राहून नुसते ओठ हलवत राहिल्या. हजारो पोरांना त्यांनी गाणी पाठ करायला लावली आणि एकही म्हटलं नाही. संगीत हे तोंड असलेल्यांचं काम, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि इथे तर तोंड बंद ठेवून, मागे उभं राहून करायचं काम होतं. हे आपल्याला जमेल, असं त्यांना वाटलं. जमेल की नाही ते पुढे, पण वाटलं खरं.

महाल भागातल्या एका गल्लीत वाद्यांचं दुकान होतं. बाहेर ढोलक्या टांगलेल्या, आत हार्मोनियम दुरुस्तीला पडलेल्या, आणि कोपऱ्यात पुस्तकांची एक फळी. शामलाबाई ऑटोने तिथे गेल्या आणि बेस गिटार शिकायचं पुस्तक मागितलं. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं आणि साहजिकच विचारलं, कोणासाठी?

"नातीसाठी," शामलाबाई म्हणाल्या.

इतकं सोपं गेलं ते. दुकानदाराची नजर लगेच मवाळ झाली, बसायला स्टूल आलं, चहा आला. नातीसाठी वणवण करणारी आजी कोणाला आवडत नाही? शामलाबाईंना त्या दिवशी लाज वाटायला हवी होती, पण वाटली ती सुटका. आपल्या अंगावरचं ओझं नातीच्या डोक्यावर गेलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आता पुस्तक निवडायचं म्हणजे शामलाबाईंची पद्धत ठरलेली. आधी पाया. पायाशिवाय त्यांनी आयुष्यात कोणाला पुढच्या धड्यावर जाऊ दिलं नव्हतं, तेव्हा स्वतःला तरी कसं देणार? म्हणून त्यांनी आधी घेतलं ते विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक, संगीताच्या सिद्धांताचं. त्यात पाच रेघा, त्यावर काळे-पांढरे ठिपके, आणि पहिल्याच पानावर सूचना की समोर पियानो ठेवावा. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये पियानो कुठून आणणार? त्यांनी समोर पोळपाट ठेवला, त्यावर खडूने पट्ट्या आखल्या आणि पुस्तक वाचून काढलं. अपूर्णांक त्यांना येतच होते. पूर्ण ठोका, अर्धा, पाव, ठिपका दिला की दीडपट, सगळं पाठ झालं. तारेला मात्र अजून हात लागला नव्हता.

मग त्यांनी मराठी पुस्तक आणलं, घरबसल्या शिका छापाचं, सारेगमवालं. त्यात म्हटलं होतं, सा तुम्ही ठेवाल तिथे असतो. इंग्रजी पुस्तक म्हणत होतं, प्रत्येक सूर आपल्या जागी ठरलेला, त्याला हलवता येत नाही. शामलाबाई दोन्ही पुस्तकांवर संतापल्या. एकाच विषयाची दोन पुस्तकं, आणि एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. त्यांच्या शाळेत असं चाललं नसतं. त्यानंतर गिटारच्या पकडींचं एक रंगीत पुस्तक आलं, ते सहा तारांचं निघालं, म्हणजे वाया. मोबाइलवर दाढीवाला एक परदेशी मास्तर होता, तो इतक्या वेगात बोलायचा की काही कळेना. वेग कमी केला तर तो दारू प्यायल्यासारखा बोलायला लागला, आणि तसल्या माणसाकडून शिकायची त्यांची तयारी नव्हती.

मधल्या काळात बेस गिटारही घरात आली होती. सकाळी ऋषिकेश, म्हणजे त्यांचा मुलगा, कंपनीत जायचा, मेघा पोस्टात जायची, भूमिका कॉलेज आणि मेडिकलच्या नीट परीक्षेचे क्लास करून संध्याकाळी परतायची. दिवसभर घर शामलाबाईंचं. वॉचमनने विचारलं तेव्हा त्यालाही नातीचंच नाव सांगितलं. गिटार गोधडीच्या जुन्या खोळीत घालून आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटामागे उभी केली. या वाद्याचा एक मोठा गुण असा की ते स्पीकरला जोडलं नाही तर त्याचा आवाज मांडीच्या पलीकडे जात नाही. शेजारणीलाही ऐकू येणार नाही. शामलाबाईंना याहून सोयीचं वाद्य सापडलं नसतं.

आणि पुस्तकांना त्यांनी खाकी कव्हरं घातली. हे सवयीने झालं. दर जूनमध्ये भूमिकाच्या सगळ्या पुस्तकांना कव्हर घालायचं आणि चिठ्ठीवर नाव लिहायचं काम पहिलीपासून त्यांचंच होतं. अक्षर मोत्यासारखं. कव्हर घातलं की चिठ्ठी आली, चिठ्ठी आली की नाव आलं. स्वतःचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि त्या थांबल्या. कोणी पाहिलं तर? मग त्यांनी लिहिलं, कु. भूमिका ऋषिकेश भोयर. चारही पुस्तकांवर लिहिलं. मग निवांतपणे चहा प्यायल्या.

चौथं पुस्तक बारीक होतं आणि तेच खरं कामाचं. त्यात इंग्रजीच्या वहीसारख्या चार रेघा होत्या, एकेक रेघ म्हणजे एकेक तार, आणि रेघेवर आकडा, म्हणजे त्या तारेवर बोट दांडीवरच्या कोणत्या घरात ठेवायचं ते. किती सरळ! पण पहिल्याच धड्याला शामलाबाई अडल्या. गिटार मांडीवर घेऊन खाली पाहिलं की सगळ्यात जाड तार वर दिसते, आणि पुस्तकात जाड तारेची रेघ सगळ्यात खाली. त्यांनी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. छापणाऱ्याने उलटं छापलं होतं, दुसरं काय! पस्तीस वर्षं पाठ्यपुस्तकातल्या चुका काढलेली बाई ती. त्यांनी लाल पेन घेतलं, पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत प्रत्येक ओळीत तारांचा क्रम सुधारला, मुखपृष्ठाच्या आत "मुद्रणदोष" असं लिहून खाली रेघ मारली, आणि पुस्तक बदलून घ्यायला महालात गेल्या.

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. दुर्गेश नावाचा एक तरुण गिटारच्या तारा बदलत बसला होता, त्याच्याभोवती कॉलेजची पोरं. शामलाबाईंनी पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि वर्गात बोलायच्या आवाजात सांगितलं की हे पूर्ण पुस्तक चुकीचं छापलेलं आहे. दुर्गेशने ते उघडलं. लाल रेघा पाहिल्या. एक पान, दुसरं पान, तिसरं पान. मग तो खाली मान घालून हसला आणि पोरं त्याच्या खांद्यावरून डोकावून मोठ्याने हसली. एकाने विचारलं, हे कोणी केलं?

शामलाबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"नातीनं," त्या म्हणाल्या. "मले काय समजते त्यातलं."

हसू आणखी वाढलं, पण आता ते त्यांच्याकडे बघून नव्हतं. दुर्गेशने समजावून सांगितलं की जगभर असंच छापतात, जाड तार खालीच, आणि पहिल्यांदा शिकणाऱ्याचा गोंधळ होतोच. एवढं चुकतं म्हणजे पोरीला कोणी शिकवणारं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याचा क्लास मनीषनगरातच होता. त्याने पुस्तकावरचं नाव वाचलं, बिल्डिंग आणि फ्लॅट विचारला. शामलाबाईंनी वेळ मारून न्यायला सगळं खरं सांगितलं आणि पाठवते म्हणाल्या. रस्त्याला लागल्यावर त्यांना बरं वाटेना. ऑटोत बसून त्यांनी ते पुस्तक पिशवीत तळाशी घातलं. भूमिका चुका करणारी पोरगी नव्हती. दुकानभर पोरांसमोर तिला मूर्ख ठरवून आलो, याची लाज घरी पोचेपर्यंत टोचत राहिली. घरी पोचल्यावर त्यांनी कूकर लावला आणि ती लाज बाजूला ठेवली.

पोरगा चांगल्या मनाचा होता, हेच वाईट झालं. रविवारी सकाळी दुर्गेश दारात उभा. दार ऋषिकेशने उघडलं. दुर्गेशने नमस्कार केला आणि म्हणाला, भूमिका इथंच राहते न, बेस शिकून राहिली ती, आजी येतात आमच्याकडे तिच्यासाठी पुस्तकं घ्यायले.

ऋषिकेशचं नाव ऐकून घाबरावं असा तो माणूस नव्हे. पण त्या आठवड्यात भूमिकाच्या चाचणीचे मार्क आले होते आणि ते पार घसरले होते. तिला लातूरला, होस्टेलवर ठेवून शिकवावं, हे त्याच्या डोक्यात मागच्या उन्हाळ्यापासून होतं. तेव्हा सुट्टीतल्या वर्गासाठी पोरगी तिथे राहून आली, ती निम्मी होऊन. रात्ररात्र रडायची. पुन्हा पाठवू नका म्हणून तिने याच घरात हात जोडले होते, आणि शामलाबाईंनीच ठणकावलं होतं की माझी नात माझ्याजवळ राहील. म्हणून ते राहिलं होतं. आता ऋषिकेशने दुर्गेशला पाणीही विचारलं नाही, दार लावलं आणि घर उलथंपालथं केलं. कपाटामागून गिटार निघाली. गादीखालून चार खाकी पुस्तकं निघाली. चारही पुस्तकांवर भूमिकाचं नाव, आजीच्या अक्षरात, तिच्या फिजिक्सच्या पुस्तकावर असतं तसंच.

"काहून वं भूमिका," तो म्हणाला, "परीक्षा तोंडावर आली अन् हे चालून राहिलं? अन् लपवायले आजीची खोली?"

भूमिका आत्ताच झोपेतून उठली होती. तिने गिटारकडे पाहिलं, पुस्तकांकडे पाहिलं. मले काहीच माहीत नाही, असं ती म्हणाली. मग ती आजीकडे वळली.

"आजीले विचारा," ती म्हणाली.

ऋषिकेशने विचारलं. मेघा ओट्याजवळून कणकेचा हात तसाच घेऊन बाहेर आली. खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण शामलाबाईंना डोळ्यांसमोर खालचा बाक दिसला, त्यावरच्या बाया दिसल्या, मधोमध जिजाबाई. भोयर मॅडम गिटार वाजवतात म्हणे. या वयात. गोधडीच्या खोळीत लपवून. त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी ठरवलं नव्हतं, आणि ते इतक्या मायेने निघालं की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

"असू दे न गा ऋषी," त्या म्हणाल्या. "लेकरू आहे. राहते एखादी हौस."

झालं. आणखी पुराव्याची गरज उरली नाही. ऋषिकेशने गिटार पुस्तकांसकट माळ्यावर टाकली आणि लातूरला फोन लावला. भूमिका रडली नाही, भांडली नाही. ती आजीकडे बघत राहिली. आधी न समजल्यासारखी, मग समजल्यासारखी. ते समजणं तिच्या चेहऱ्यावर उतरताना शामलाबाईंनी पाहिलं आणि त्या देवघराकडे वळल्या, जणू दिवा विझला होता.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते शामलाबाईंनाच माहीत. पोरगी तोंड फिरवून बसली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखीच वागत होती. संध्याकाळी बीपीची गोळी आणि पाण्याचा पेला आणून द्यायची. जेवायला समोर बसायची, वरणाचं पातेलं सरकवायची. आणि मधूनच मान वर करून बघायची. रागाने नाही. वाट बघत असल्यासारखी. शामलाबाई मनाशी म्हणायच्या, भाजी झाल्यावर सांगू. मग म्हणायच्या, भात झाल्यावर. मग ताटं उचलली जायची. रात्री पडल्या पडल्या त्यांना स्वतःच्या हातांची किळस यायची, बोटांच्या टोकांना पडलेल्या घट्ट्यांची. भूमिकाची बोटं बघ, एवढं कोणाला सुचत कसं नाही, याचाच त्यांना राग यायचा. म्हणजे राग यायला अजून दुसऱ्या कोणाची गरज लागत होती.

लातूरला जागा मिळाली. शनिवारी संध्याकाळी मेघाने होस्टेलचं सामान हॉलमध्ये मांडलं. ताट, वाटी, पेला, बादली, उशी. सगळ्यावर नाव हवं, नाही तर तिथे वस्तू राहत नाही. तिने कागदी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन शामलाबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, आई, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा. भूमिका तिथेच बॅगेत कपडे भरत होती. ऋषिकेश टीव्हीवर मॅच बघत होता.

शामलाबाईंनी पेन उघडलं. "कु." लिहिलं. पुढचं अक्षर त्यांच्या हातून निघेना. त्या पेन धरून बसल्या, मग त्यांनी ते खाली ठेवलं.

"ते माझं आहे," त्या म्हणाल्या.

कोणाला काही कळलं नाही. त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

"गिटार. पुस्तकं. सगळं माझं आहे. मी शिकून राहिली होती. भूमीले काहीच माहीत नाही."

ऋषिकेशने टीव्हीचा आवाज कमी केला. त्याने आईकडे पाहिलं ते इतक्या प्रेमाने की शामलाबाईंना जमिनीत जावंसं वाटलं. तो उठून त्यांच्याजवळ येऊन बसला आणि समजुतीने म्हणाला, "आई, तुले ती जाऊन राहिली याचं वाईट वाटते, मले समजते. पण तिले पाठीशी घालासाठी तू एवढं खोटं नको बोलू. तू जन्मात कधी खोटं बोलली नाही."

मेघा हसली. म्हणाली, तुम्ही आणि गिटार, आई, काही पटेल असं तरी सांगा.

खोटं एका शब्दात पटलं होतं आणि खरं कोणी ऐकून घेईना. शामलाबाईंनी बोटं पुढे केली, घट्टे दाखवले. मेघाला ते भाजी चिरण्याचे वाटले. शेवटी त्या उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, माळ्यावरून ते काढ. ऋषिकेशने काढलं, आईची समजूत पटावी म्हणून. शामलाबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या. पदर खोचला. गिटार मांडीवर आडवी घेतली आणि उजवा अंगठा टेकवला. हे सगळं त्यांनी बंद दाराआड किती वेळा केलं होतं, माणसांसमोर मात्र पहिल्यांदाच.

त्यांनी तार छेडली. कोणाला काही ऐकू आलं नाही. टीव्ही पूर्ण बंद करावा लागला. तरी ऐकू येईना, म्हणून ऋषिकेशने पंखा बंद केला. नागपूरच्या उकाड्यात पंखा बंद करून तिघं त्यांच्याभोवती उभे राहिले. लपवायला सोयीचं म्हणून निवडलेलं वाद्य ते, त्यासाठी आता सगळ्यांना कान त्यांच्या गुडघ्यापाशी आणावे लागले. शामलाबाईंनी पहिला धडा सुरू केला. एक, दोन, तीन, चार, असं मोठ्याने मोजत. तिसऱ्या ठोक्याला बोट घसरलं. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पहिली ओळ पूर्ण झाली, दुसरीत तार खरखरली. त्यांच्या कपाळावरून घाम गालावर आला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. तरी त्या थांबल्या नाहीत. एक, दोन, तीन, चार. अगदी वाईट वाजवत होत्या त्या, पण वाजवत होत्या, याबद्दल कोणाला शंका राहिली नाही.

आधी मेघाच्या तोंडून फुस्स झालं. तिने ओढणी तोंडाला लावली, पण ते आवरेना. मग ऋषिकेशला सुटलं. तो सोफ्यावर बसून हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लाल पेनाने सुधारलेलं पुस्तक त्याने उघडलं, "मुद्रणदोष" वाचलं आणि पोट धरून पुन्हा हसला. आई, तू तर कमाल आहेस, म्हणाला. गणपतीत स्टेजवर बसवतो तुला, स्पीकरला जोडून. मेघा म्हणाली, जिजाबाईंना पोहायला लावा बाजूला. जे व्हायला नको म्हणून शामलाबाईंनी एवढं केलं होतं, ते होत होतं, आणि त्यात कुठेही विष नव्हतं. घरातली माणसं मायेने हसत होती. शामलाबाईंनाही अंगावरून काही उतरल्यासारखं वाटलं आणि त्याही ओशाळवाणं हसल्या.

हसता हसता ऋषिकेश म्हणाला, चला, लातूर कॅन्सल, उद्या फोन करतो त्यांना. भूमी, सॉरी बेटा, कपडे काढून ठेव.

भूमिका हसत नव्हती. ती पुन्हा बॅगेपाशी जाऊन बसली होती. तिने हातातला कुर्ता घडी करून बॅगेत ठेवला आणि दुसरा घेतला.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मी जाते लातूरले."

ऋषिकेशला वाटलं, ती रुसली. त्याने पुन्हा माफी मागितली, मेघाने जवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिथे राहवत नाही म्हणत होतीस न, तिने विचारलं. भूमिका म्हणाली, हो, नाही राहवत. पण तिथं मी कोणाच्या भरवशावर नसते. तिने हे आईला सांगितलं, पण बघत होती आजीकडे. आवाज चढलेला नव्हता. उलट, अभ्यासातलं काही अडलं की ती जशी आजीला विचारायची तसंच तिने विचारलं.

"त्या दिवशीच सांगतलं असतं, तर काय झालं असतं, आजी?"

शामलाबाईंना उत्तर माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, ते आत्ताच याच खोलीत होऊन गेलं होतं. ते भूमिकानेच सांगितलं.

"एवढंच न? हसले असते."

पंखा अजून बंदच होता. ऋषिकेशच्या हातात ते लाल रेघांचं पुस्तक उघडं राहिलं होतं, ते त्याने मिटवलं. शामलाबाईंनी गिटार मांडीवरून काढायला हवी होती, पण ती बाजूला ठेवायची कुठे, हे त्यांना काही केल्या सुचेना.